शंभराला सात

फॅक्टरीच्या मागच्या गेटातून
रोज संध्याकाळी एक ट्रॉली निघते
औशाच्या शिवारातून, ओढ्याकडं.
रस पुढच्या गेटानं केव्हाच गेलेला असतो,
बाटल्यांत, लेबल लावून.
मागं उरतो चोथा :
साल, देठ, बी.

मार्चात त्या ढिगाला अशी आंबूस वाफ सुटते
की मंदोदरीबाईंच्या शेळ्या एकदा तिथं चरल्या
आणि रात्रभर दावणीला झोके खात उभ्या राहिल्या.
बिडवे शेठ हसले. म्हणाले, खत होईल.
खत झालं नाही.
चिलटं झाली.

मी प्रयोगशाळेत असते. म्हणजे एक टेबल, एक काटा,
आणि एक ओव्हन, ज्याचं दार सुतळीनं बांधावं लागतं.
माझं काम रसाची गोडी मोजायचं.
चोथ्याचं काही मोज, असं कुणी सांगितलं नव्हतं.

बाजाराला बी नको असतं.
बिनबियाचं द्राक्ष बेदाण्याला जातं, बोटीत बसतं.
हे काळं, जाड सालीचं, दोन-तीन बिया पोटात घेऊन आलेलं
रसवाल्याशिवाय कुणी विचारत नाही.
लहानपणी मी बी गिळलं की भाऊ म्हणायचा,
आता कानातून वेल येणार.
मी आठ दिवस कान चाचपायचे.

पहिल्या खेपेला बुरशी आली.
दुसऱ्या खेपेला पत्र्यावर पसरलं, पातळ, दर तासाला हलवून,
मग मंदोदरीबाई सूप घेऊन बसल्या.
साल उडून कुंपणाला चिकटली.
मी म्हणलं, बी पण जाईल की वो.
"कुठं जातंय मॅडम," त्या म्हणाल्या,
"जडाला वारा काय करतोय."

मैनोद्दीनचाचांचा घाणा करडईचा.
तो वास त्यांच्या टोपीत, उधारीच्या वहीत,
दारातल्या मांजरातसुद्धा.
चाचांनी एक बी दाढेखाली धरलं.
"अब्बी गीला है. दो दिन और सुकाव."
माझ्या ओव्हननं बारा टक्के ओल दाखवली होती.
म्हणणं एकच,
फक्त चाचांना सुतळी लागली नाही.

कुणीतरी सीताफळाच्या बियांचंही विचारलं,
त्यांचे तर बालाघाटात डोंगर पडतात.
नको. ते उवांचं औषध, डोळ्यात गेलं तर डोळा जातो.
प्रत्येक फेकलेली गोष्ट खायची नसते
म्हणून तर मी नमुना परभणीला पाठवला
आणि कागद येईपर्यंत तीन आठवडे
कुणाला बोट बुडवू दिलं नाही.

घाण्यातून आधी नुसता कुरकुराट आला.
मग गरम भुगा. मग बराच वेळ काही नाही.
मग एक हिरवी धार, शिवणाच्या दोऱ्याएवढी,
तुटली, परत लागली.

शंभर किलो बियांत सात लिटर.
"सातच?" शेठ म्हणाले.
चाचा चाळणी झटकत होते.
"कल तक सिफर था, शेठ."

कागद आला. खाण्यास योग्य.
पुढं जीवनसत्त्वाचं होतं, काळजाला बरं असल्याचं होतं,
ते मी मोठ्यानं वाचलं, कुणी फारसं ऐकलं नाही,
कारण भाकरी निघाली होती.
कारळाच्या चटणीला खळगा करून
मंदोदरीबाईंनी तेल ओतलं, घास घेतला,
आणि बराच वेळ गप्प.
"कसं लागतंय?"
"चटणीचीच चव लागायली."
मला वाईट वाटलं.
मग त्यांनी खळगा परत भरला, तेव्हा कळलं
की ही तारीफ होती.
"पेंडीचं काय करणार? आमच्या शेळ्यांला चालंल?"
ते अजून मोजलं नाही, मी म्हणलं.

ट्रॉली अजून जाते.
हंगामात दिवसाला चार टन, आणि आमचा पत्रा एक.
चाळून होईस्तोवर ड्रायव्हर हॉर्न वाजवतो,
निम्मं बी तसंच ओढ्याला.
मी उरलेलं ओव्हनमध्ये सारते, दार लावते.
सुतळीला आता तेल लागलंय.
गाठ मारते, सुटते.